वाईट वर्षाचं कलम

इंदूरच्या बडा गणपतीच्या मूर्तीसमोर उभं राहिलं की मान मागे टाकावी लागते. पंचवीस फुटांचा देव. लहान मुलांना आधी फक्त शेंदरी पावलं दिसतात. मुख पाहायचं तर बापाच्या खांद्यावर चढावं लागतं. ही मूर्ती दगडात कोरलेली नाही, रचलेली आहे. विटा, चुना, गूळ आणि मेथीदाणे, त्यात सात मोक्षपुऱ्यांची माती, हत्ती-घोडा-गाय यांच्या पायाखालची माती आणि तीर्थांचं पाणी मिसळलं होतं, असं इंदुरात पिढ्यानपिढ्या सांगतात. चुन्यात गूळ-मेथी घालणं ही जुन्या गवंड्यांची रीतच होती. कितीतरी वाडे तशाच भिंतींवर उभे राहिले.

माझं लक्ष मात्र दर वेळी तिच्या सालाकडे जातं. मूर्ती १९०१ ची, शिवाजीराव होळकरांच्या अमदानीतली. आणि १८९९-१९०० मध्ये माळव्यानं छप्पनचा दुष्काळ पाहिला होता. विक्रम संवत १९५६ मधला, म्हणून छप्पनिया. त्यातून बाहेर आलेल्या शहरानं लगेच पुढच्या वर्षी चुन्यात गूळ आणि मेथी कालवली. त्या दोन घटनांमध्ये कार्यकारणाचा धागा आहे असं मी म्हणत नाही. पण १९०१ मध्ये इंदुरात गुळाची ढेप फोडणाऱ्या हातांना ती ढेप म्हणजे काय हे ठाऊक होतं, एवढं नक्की.

छप्पनियाची जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती माळव्याची नाही, मारवाडची आहे. मारवाड हा कोरडा मुलुख. तिथं पाऊस चुकला की माणसं गुरंढोरं घेऊन माळव्याची वाट धरायची. काळी माती, पावलापावलावर पाणी आणि भाकरी असा माळव्याचा लौकिक होता. दुष्काळ इथं येतच नाही अशी समजूत होती. शेकडो वर्षं ही व्यवस्था चालली. तिचा कागद कुठं नव्हता, पण ती अन्नसुरक्षेचीच व्यवस्था होती. कोरड्या देशानं ओल्या देशावर विसंबायचं, जनावरं जगवायची आणि पाऊस झाला की परत जायचं. १८९९ मध्ये मारवाडी काफिले नेहमीसारखे निघाले, माळव्यात पोचले आणि त्यांना दिसलं की या वर्षी इथंही काही नाही. परत जायला ताकद नव्हती, पुढे जायला जागा नव्हती. त्या वर्षीच्या मृत्यूंची नोंद चाळताना ही वाटेवरची माणसं वेगळी मोजलेली सापडत नाहीत. १९०१ च्या जनगणनेत मात्र मध्य भारत आणि राजपुताना, दोन्हींची लोकसंख्या १८९१ पेक्षा घटलेली दिसते.

एकशे पंचवीस वर्षांपूर्वीचा हा धडा मी आज पुन्हा काढतो आहे, कारण मारवाड आता समुद्रापलीकडे आहे. संयुक्त अरब अमिराती आपल्या अन्नापैकी ऐंशी ते नव्वद टक्के बाहेरून आणते. कतार, कुवेत, बहारीन यांचंही चित्र थोड्याफार फरकानं तेच. येमेन आपल्या गव्हातला जवळजवळ नव्वद टक्के आयात करतो आणि त्याच्याकडे पैसाही नाही. या देशांनी उद्या काय खायचं, याचा काही भाग माळव्याच्या आणि महाराष्ट्राच्या मंड्यांत ठरतो. बडा गणपतीपासून लक्ष्मीबाई नगरची धान्यमंडी लांब नाही. तिथं लिलावात गव्हाच्या ढिगावर बोली लागते तेव्हा शारजाच्या भाकरीचा भावही थोडासा हलतो. हे नातं आपण अजून नीट ओळखलेलंच नाही.

२०२२ चा मे महिना घ्या. युक्रेनवर युद्ध लादलं गेलं आणि काळ्या समुद्रातून येणारा गहू अडकला. जगातले आयातदार भारताकडे वळले. एप्रिलमध्ये जगाला धान्य पुरवण्याची आपली तयारी देशाच्या नेतृत्वानं जाहीरपणे बोलून दाखवली. हमीभाव क्विंटलला २,०१५ रुपये होता आणि माळव्यातल्या मंड्यांत व्यापारी त्याच्या वर बोली लावत होते. शेतकऱ्यानं कित्येक वर्षांनी असा उन्हाळा पाहिला. १२ मे रोजी वाणिज्य मंत्रालयानं जाहीर केलं की गव्हाची निर्यात वाढवण्यासाठी नऊ देशांत शिष्टमंडळं जाणार. त्या यादीत मोरोक्को, ट्युनिशिया, अल्जीरिया, लेबनॉन होते, म्हणजे वाळवंटाच्या काठावरचे, गव्हाची भाकरी हेच मुख्य अन्न असलेले देश. १३ मे रोजी रात्री निर्यातबंदी लागली.

बंदीला कारण होतं, खोटं नव्हतं. मार्चच्या उष्णतेनं दाणा बारीक राहिला होता. सरकारी खरेदीचं लक्ष्य ४४४ लाख टनांचं, आणि हातात आले जेमतेम १८८ लाख टन. ऐंशी कोटी लोकांच्या रेशनचा प्रश्न होता. त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाची झोप उडाली असेल हे मी मान्य करतो. पण बारा तारखेला एक आणि तेराला दुसरं, हे जगात कुणालाही आपल्याबद्दल खात्री देणारं नव्हतं. जूनमध्ये अमिरातीनं भारतीय गव्हाची पुनर्निर्यात चार महिन्यांसाठी थांबवली. भारतातून मिळालेला दाणा देशातच राहावा, असा त्याचा अर्थ होता. बंद दरवाजामागे आणखी एक दरवाजा बंद झाला.

आणि गव्हाच्या बंदीच्या त्याच दिवसांत आपण स्वतः दुसऱ्या टोकाला उभे होतो. २८ एप्रिल २०२२ ला इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात बंद केली. भारत आपल्या खाद्यतेलातलं निम्म्याहून अधिक बाहेरून आणतो. इंदूर ही सोयाबीनची राजधानी, सोयाबीन प्रक्रिया उद्योगाच्या संघटनेचं मुख्यालय इथं, राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्था इथं; तरीही आपल्या कढईतलं तेल मलेशिया-इंडोनेशियाच्या जहाजांवर अवलंबून आहे. त्या तीन आठवड्यांत तेलाचे भाव पाहून प्रत्येक घरानं, प्रत्येक कचोरीवाल्यानं इंडोनेशियाला दूषणं दिली. २३ मे ला ती बंदी उठली. इंडोनेशियालाही आपल्या लोकांच्या तेलाची काळजी होती, अगदी आपल्यासारखीच. आपल्याला ती बंदी कशी वाटली, हे आपण विसरायला नको होतं. त्याच महिन्यात आपण ट्युनिशियाशी तसंच वागलो.

माझी भाची गेली अकरा वर्षं शारजाला राहते. डिसेंबर २०२३ मध्ये आपण कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा तिनं फोनवर सांगितलं की तिच्या दुकानात नाशिकचा कांदा दिसेनासा झाला, आणि जो दिसतो त्याचा भाव ऐकून ती अर्धा किलोच घेते. त्याच आठवड्यात नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले होते, शेतकरी रस्त्यावर होते. खाणारी मराठी, पिकवणारा मराठी, आणि दोघंही एकाच आदेशानं हैराण. तो आदेश ज्या ग्राहकासाठी काढला, त्यालाही कांदा फार दिवस स्वस्त मिळाला नाही. अमिरातीसाठी सरकारनं पुढे १४,४०० टनांची विशेष परवानगी दिली, बांगलादेशाला ५० हजार टनांची. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही निर्यातशुल्क आणि किमान निर्यातमूल्य लावून.

या विशेष परवानग्यांकडे मी बारकाईनं पाहतो. २० जुलै २०२३ ला बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबली, त्यानंतर देशोदेशींच्या सरकारांनी विनंत्या केल्या आणि त्यांना कोटे मिळत गेले. अमिरातीला ७५ हजार टन. विनंती मान्य होते ती वजन असलेल्या मित्राची. अमिराती आपल्याला तेल देते, गुंतवणूक देते, तिथं आपली पस्तीस लाखांवर माणसं राहतात, म्हणजे त्या देशातल्या साधारण दर तिसऱ्या माणसाचं घर इथं आहे. तिची फाइल हलते. ज्या देशाचा राजदूत दिल्लीत कुणाला माहीत नाही, त्याची फाइल कुठं असते? अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिलं की दुष्काळात माणसं मरतात ती अन्न नसल्यानं नव्हे, तर अन्नावर हक्क सांगण्याची ऐपत संपल्यानं. जहाजांच्या बाबतीतही तसंच घडतं. बंदी लागली की श्रीमंत कोरडा देश जास्त पैसे मोजून दुसरीकडून गहू उचलतो आणि त्याच रांगेतला गरीब कोरडा देश एक पाऊल मागे ढकलला जातो. दिल्लीत आपण दरवाजा ओढून घेतो तेव्हा बोट चेमटतं ते येमेनमध्ये.

कोरड्या देशांनी यावर स्वतःचे उपाय करून पाहिले, आणि ते महाग पडले. सौदी अरेबियानं सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून वाळवंटात गहू पिकवायला घेतला. नव्वदच्या दशकाच्या आरंभी तो देश चाळीस लाख टनांच्या आसपास गहू काढत होता, निर्यातही करत होता. पाणी होतं हजारो वर्षांपूर्वी जमिनीखाली साठलेलं, पुन्हा न भरणारं. २००८ मध्ये सरकारनं हार मान्य केली, टप्प्याटप्प्यानं खरेदी कमी केली आणि २०१६ मध्ये ती थांबवली. मग परदेशात जमिनी. सौदीच्या अल्माराई या दूधकंपनीनं २०१४ मध्ये अमेरिकेच्या अ‍ॅरिझोनात जमीन घेऊन गायींसाठी लसूणघास लावला, अ‍ॅरिझोनाही वाळवंटच. तिथल्या लोकांनी विचारलं की आमच्या विहिरी आटत असताना आमचं पाणी गवताच्या गाठोड्यांतून जहाजात का चढतं, आणि २०२३ मध्ये राज्यानं सरकारी जमिनीवरचे भाडेपट्टे रद्द करायला सुरुवात केली. शारजानं २०२२ मध्ये मलेहा इथं ४०० हेक्टरांवर गहू पेरला, समुद्राचं गोडं केलेलं पाणी घालून. भाचीनं त्या हिरव्या वर्तुळांचा फोटो पाठवला होता. ते शेत सुंदर आहे, तिथं शास्त्रज्ञ शिकतील, पण त्यावर देश जेवणार नाही. एक किलो गहू व्हायला जागतिक सरासरीनं सुमारे १,८०० लिटर पाणी लागतं. धान्य आयात करणं म्हणजे पाणी आयात करणं, हे लंडनच्या टोनी अ‍ॅलन यांनी नव्वदच्या दशकात ‘आभासी पाणी’ या कल्पनेतून मांडलं, आणि ती कल्पना त्यांना सुचली तीच पश्चिम आशियाकडे पाहताना.

म्हणून कोरड्या देशानं आयात करणं हा दुबळेपणा नाही. पाणी जिथं पडतं तिथं पीक घ्यावं आणि दाणा गरज असेल तिथं न्यावा, यासारखं शहाणपण दुसरं नाही. गफलत इतकीच की आयातीचे करार चांगल्या वर्षाकडे पाहून लिहिले जातात. चांगल्या वर्षी कराराची गरजच काय? तेव्हा विकणाराही असतो आणि घेणाराही. व्यापारी पुरेसे असतात. करार लागतो तो दोन्हीकडचा पाऊस चुकतो त्या वर्षासाठी. छप्पनियाच्या वर्षासाठी. जे सहकार्य वाईट वर्षाचं कलम लिहीत नाही, त्याला मी सहकार्य म्हणायला तयार नाही.

आपल्याला हे पहिल्यांदा कळतंय असंही नाही, कारण आपण रांगेच्या त्या टोकाला दीर्घकाळ उभे होतो. १९५६ पासून पीएल-४८० या अमेरिकी अन्नमदत कायद्याखाली तिथला गहू येऊ लागला. १९६५ आणि १९६६ ही दोन्ही वर्षं पावसानं दगा दिला, आणि १९६६ मध्ये सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आलं. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी तो गहू मुद्दाम महिन्या-महिन्याच्या हप्त्यानं सोडला, भारतानं व्हिएतनामबद्दल काय बोलावं आणि शेतीधोरण कसं आखावं हे त्याला जोडून. पुढे १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रानं रेशनचा लाल मिलो, म्हणजे आयात ज्वारी, खाल्ला. साठीच्या पुढच्या कुणालाही त्या भाकरीची चव विचारा. शेताच्या बांधावर माजणाऱ्या गाजरगवताला खेड्यात ‘काँग्रेस गवत’ म्हणतात, ते त्या काळच्या आयात गव्हातूनच आलं असं लोक आजही मानतात. हप्त्यानं मिळणाऱ्या धान्याचा अपमान ज्या पिढीनं गिळला, तिनं तो पुढच्या पिढीला नीट सांगितला असता, तर दुसऱ्या देशाला रातोरात बंदी कळवण्याचा हात जरा थबकला असता.

एका ठिकाणी आपण वेगळं वागलो, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. २०१५-१६ मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांपर्यंत गेली होती. २०१६ च्या जुलैत भारतानं मोझांबिकशी पाच वर्षांचा करार केला: पहिल्या वर्षी एक लाख टन तूर, वाढत वाढत २०२०-२१ पर्यंत दोन लाख टन. २०१६-१७ मध्ये देशात तुरीचं भरघोस पीक आलं आणि ऑगस्ट २०१७ मध्ये आपण आयातीवर मर्यादा घातली. मोझांबिकच्या शेतकऱ्यांनी भारताच्या भरवशावर जास्तीची तूर पेरली होती. भाव कोसळले आणि ते खचले. पण करारातलं प्रमाण मर्यादेतून वगळलेलं होतं, म्हणून थोडी तरी तूर येत राहिली. इंदूर हे दालमिलांचं गाव. इथं भरडल्या जाणाऱ्या तुरीत आफ्रिकेचाही दाणा असतो, आणि तो दाणा ज्यानं पेरला त्याचं आणि सीहोरच्या सोयाबीनवाल्याचं दुःख एकच आहे: ज्याला पीक विकायचं तो ग्राहक एका परिपत्रकानं नाहीसा होऊ शकतो. मोझांबिकच्या करारात जे अर्धवट साधलं, तेच पूर्ण करायला हवं. म्हणजे ठरलेलं प्रमाण, मग बाजार चढो वा पडो.

मग प्रमाण किती, आणि ते देशाच्या गरिबाच्या ताटातून काढायचं का? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं. २०२१-२२ मध्ये भारतानं सुमारे १,०७७ लाख टन गहू पिकवला आणि ७० लाख टनांच्या थोडा वर निर्यात केला. अमिरातीची सगळी लोकसंख्या एक कोटीच्या आसपास, मुंबईहून कमी. अशा पाच-सहा शेजाऱ्यांना वाईट वर्षीही मोडायचा नाही असा एक किमान कोटा आधीच कबूल केला, तर तो आपल्या उत्पादनाचा अगदी छोटा हिस्सा असेल. आपल्या रेशनला धोका या छोट्या, आधीच मोजलेल्या हिश्श्यानं येत नाही. तो येतो बेहिशेबी दोन टोकांनी: आधी सगळी दारं सताड उघडायची, मग सगळी लावून घ्यायची.

कोठारांचंही तसंच. दक्षिण आशियाचं सार्क अन्नकोठार कागदावर १९८७ पासून आहे, २००७ मध्ये त्याची नव्यानं मांडणी झाली, पण संकटात त्यातून धान्य निघाल्याचं कुणाला आठवत नाही. आग्नेय आशियानं चीन, जपान, कोरियाला बरोबर घेऊन तांदळाचं आपत्कालीन कोठार उभं केलं. त्यात ७ लाख ८७ हजार टनांचा वाटा देशादेशांनी बांधून दिला आहे आणि वादळ-पुरानंतर त्यातून फिलिपाइन्ससारख्या देशांना तांदूळ गेलाही आहे. आकडा मोठा नाही. पण तो लिहिलेला आहे, आणि कुणाच्या नावावर किती हे ठाऊक आहे. अरबी समुद्राच्या दोन काठांमध्ये असं काही नाही. जुलै २०२२ मध्ये भारत, इस्रायल, अमिराती आणि अमेरिका यांच्या गटानं जाहीर केलं की अमिराती भारतात अन्नउद्यानांच्या मालिकेत दोन अब्ज डॉलर घालेल. शीतगृहं, प्रतवारी, नासाडी कमी होणं, हे सगळं चांगलंच आहे. त्या निवेदनात मी एक वाक्य शोधत होतो: वाईट वर्षी काय? ते मला सापडलं नाही. आणि लक्षात घ्या, निवेदन आलं ते गव्हाच्या बंदीनंतर दोन महिन्यांनी.

फेब्रुवारी २०२३ मध्ये जी-२० च्या शेतीविषयक गटाची पहिली बैठक इंदुरातच झाली. पाहुण्यांना राजवाडा दाखवला, छप्पन दुकान ही खाऊगल्ली सजली, आम्हा इंदूरकरांना अभिमान वाटला आणि तो वाजवी होता. विषयांत अन्नसुरक्षा पहिली होती. मला मनापासून वाटलं होतं की ज्या शहरानं छप्पनिया पाहिला, तिथून निर्यातबंदीआधी किमान मुदतीची नोटीस द्यायची, इतकी साधी गोष्ट तरी कबूल होऊन निघेल. साठ दिवसांची नोटीस, चालू जहाजांना सूट, गरीब आयातदाराला ठरावीक प्रमाण. २०११ मध्ये याच जी-२० नं धान्यबाजाराची माहिती एकत्र करणारी यंत्रणा उभी केली होती आणि ती आजही उपयोगी पडते. २०२२ च्या जूनमध्ये जागतिक व्यापार संघटनेत इतकं ठरलं की जागतिक अन्न कार्यक्रमाच्या मानवतावादी खरेदीवर कुणी बंदी घालणार नाही. म्हणजे जग थोडंथोडं कबूल होतं. त्या थोड्याला आपण पुढं ढकलायला हवं होतं. विकणारा मोठा देश आणि घेणारा मोठा देश या दोन्ही भूमिका आपण एकाच वेळी जगलो आहोत.

आता माळव्याच्या बाजूनं बोलतो, कारण करारात शेतकरी आणि त्याचं पाणी हे पक्षकार नसतील तर करार टिकणार नाही. पावलापावलावर पाणी ही इथली जुनी ओळख आता म्हणण्यापुरती उरली आहे. इंदूर शहर १९७८ पासून नर्मदेचं पाणी पितं, जलूदहून सत्तर किलोमीटर, विंध्याचा घाट चढवून आणलेलं. शेतात कूपनलिका खाली खाली जात आहेत. सोयाबीन पावसावर येतं, पण त्यामागून येणारा गहू जमिनीतलं पाणी पितो. तेव्हा वाळवंटाला गहू विकणं म्हणजे एका कोरड्या होत चाललेल्या मुलखानं दुसऱ्या कोरड्या मुलखाला पाणी देणं आहे, आणि त्याची किंमत पावतीवर कुठंच येत नाही. इंदूरच्या गहू संशोधन केंद्रानं अमृता, हर्षिता असे कमी पाण्यावर येणारे वाण दिले. अन्नउद्यानाच्या पैशातला एक भाग अशा वाणांना, शेततळ्यांना, भूजलाच्या मोजणीला जायला हवा, आणि निर्यातीसाठी पावसावरची पिकं, हरभरा आणि सोयाबीन, आधी धरावीत. शेजारच्या देवासमध्ये २००६ पासून शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीत, बऱ्याचदा कर्ज काढून, हजारो शेततळी खोदली. म्हणजे पाणी साठवायला माळव्याचा माणूस तयार आहे, त्याला भाव बांधून हवा. २०१७ मध्ये याच प्रदेशात आठ रुपये किलोनं सरकारनं घेतलेला कांदा गोदामांबाहेर सडला, आणि २०२४ मध्ये सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाच्या कितीतरी खाली, चार हजारांच्या आसपास विकलं गेलं. मुबलकतेच्या वर्षी ज्याला कुणी विचारत नाही, त्यानं टंचाईच्या वर्षी देशासाठी भाव सोडावा, असं त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं? परदेशी खरेदीदाराचा पाच वर्षांचा बांधलेला भाव हा त्याच्यासाठीही वाईट वर्षाचं कलमच आहे. फक्त त्याचं वाईट वर्ष म्हणजे भरघोस पिकाचं वर्ष.

अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इंदुरात होते. इथल्या वनस्पती-उद्योग संस्थेत, म्हणजे आजच्या शेतकी महाविद्यालयाच्या जागेत, त्यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली आणि ती जगभर गेली. त्यांचं म्हणणं एका ओळीत असं होतं की जमिनीतून जे घेतलं ते जमिनीला परत द्यावं. धान्याच्या जहाजालाही हा नियम लावून पाहावा. दाण्याबरोबर पाणी आणि माळाचा कस गेला. परत काय आलं? फक्त डॉलर आले असतील, तर परतफेड झालेली नाही.

परत काय येऊ शकतं याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत सुंदर उदाहरण इंदूर-भोपाळ रस्त्यावर आहे. आष्टा ओलांडलं की सीहोर जिल्ह्यात अमलाहा लागतं. तिथं इकार्डाचं, म्हणजे कोरडवाहू प्रदेशांच्या आंतरराष्ट्रीय कृषिसंशोधन केंद्राचं, कडधान्य संशोधनाचं ठाणं आहे: मसूर, हरभरा, लाखोळी. इकार्डाची स्थापना १९७७ ची, मुख्यालय तेव्हा सीरियात अलेप्पोजवळ होतं. गहू, बार्ली, मसूर, हरभरा यांची मूळ घरं त्याच टापूतली, म्हणून त्या पिकांच्या जुन्या जातींचं बियाणं तिथं जपलेलं होतं. आमच्या बाफल्यांचा कठिया गहूसुद्धा मुळात त्या बाजूचा. मग सीरियात युद्ध पेटलं. २०१२ मध्ये केंद्राला अलेप्पो सोडावं लागलं, पण बियाण्यांच्या प्रती नॉर्वेच्या स्वालबार्डच्या गोठलेल्या डोंगरातल्या कोठारात आधीच ठेवलेल्या होत्या. २०१५ मध्ये इकार्डानं त्यातले सुमारे ३८ हजार नमुने परत मागितले. त्या कोठाराच्या इतिहासातली ती पहिली मागणी. लेबनॉन आणि मोरोक्कोत ते पेरले, वाढवले, आणि २०१७ मध्ये ताज्या बियाण्याचा वाटा स्वालबार्डला परत गेला. कुठल्याही बाजारानं हे केलं नसतं. कुणीतरी चांगल्या दिवसांत, अलेप्पोत शांतता असताना, वाईट वर्षाचा विचार करून पिशव्या भरल्या, चिठ्ठ्या लावल्या आणि उत्तर ध्रुवाकडे पाठवल्या. उद्या माळव्याचा मार्च आणखी तापला तर ज्या मसुरीला तो सोसेल, तिचा एखादा पूर्वज त्या पिशव्यांत असेल.

दिवाळीनंतर आजही माळव्याच्या रस्त्यांवर मारवाडचे राईका मेंढपाळ आपले कळप घेऊन दिसतात. लाल पगडी, उंटावर खाटा आणि कोकरं, पुढे कळपाचा म्होरक्या, म्हणजे नंबरदार. गावाबाहेर थांबून तो शेतकऱ्याशी बोलतो. मेंढ्या रात्रभर शेतात बसवायच्या, सकाळी जमिनीवर लेंडीखत पडलेलं असणार, त्या बदल्यात शेतकऱ्यानं धान्य द्यायचं, कधी थोडे पैसे, कधी चहा-साखर. कोरडा मुलुख दाणा नेतो आणि कस देऊन जातो. पूर्वी खरिपानंतर शेतं रिकामी असत, तेव्हा कळपांना जागाच जागा होती. आता सोयाबीनमागून लगेच गहू येतो, शेत मोकळं राहत नाही, आणि कळपांना दरवर्षी जरा जास्त लांब जावं लागतं. गेल्या कार्तिकात धार रस्त्यावर एक नंबरदार बांधावर बसून शेतमालकाशी घासाघीस करत होता. बराच वेळ चालली. शेवटी मालकानं पेरणी चार दिवस पुढे ढकलायचं कबूल केलं, दोघांनी बिडी पेटवली आणि मेंढ्या बांध ओलांडून आत उतरल्या.